दुकानातील क्यूआर कोड आणि आपली वही

पानाच्या ठेल्यापासून कापडाच्या पेढीपर्यंत आज असे दुकान क्वचितच सापडेल, जेथे क्यूआर कोडचा चौकोनी कागद चिकटवलेला नाही. यूपीआयची पद्धत एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली आणि रोकडीच्या टंचाईत अनेक छोट्या दुकानदारांना मोबाइलवरून पैसे घेण्याची सवय लागली. आता तर दहा रुपयांच्या चहाचे पैसेही याच मार्गाने येतात.

या कागदाविषयी आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांत दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, क्यूआर लावला की करवाले मागे लागतात, म्हणून तो काढून टाकावा आणि रोख धंदा करावा. दुसरे मत याच्या अगदी उलट. मोबाइलमध्ये सारी नोंद आपोआप होते, मग वही लिहिण्याची कटकट कशाला? आमच्या मते ही दोन्ही मते अर्धवट माहितीवर उभी आहेत आणि दोन्हींत नुकसान आपलेच आहे.

हा कागद काय लिहितो?

क्यूआर कोड म्हणजे आपल्या बँक खात्याचा पत्ता. गिऱ्हाईक तो पत्ता वाचतो, रक्कम टाकतो, आपला पिन देतो आणि त्याच्या खात्यातून पैसे थेट आपल्या खात्यात जमा होतात. यासाठी १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला शुल्क नाही. गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्ड जोडून पैसे दिले, तर मात्र नियम वेगळे आहेत व काही रक्कम कापली जाऊ शकते. रक्कम बोलून दाखवणाऱ्या डबीचे मासिक भाडेही वेगळे असते. तेव्हा खात्यातून काय कापले जाते, हे महिन्याकाठी एकदा पाहावे.

या व्यवहाराची जी नोंद होते, तिच्यात तारीख, वेळ, रक्कम आणि पाठवणाऱ्याचे नाव असते. ती रक्कम मालाची किंमत होती, जुनी उधारी होती, भिशीचा हप्ता होता की सौदीहून भावाने घरखर्चासाठी पाठवलेला पैसा होता, हे बँकेला कळत नाही. आपण माल कितीला घेतला, कारागिराला किती मजुरी दिली, गल्ल्यात रोख किती आली, कोणाकडे किती बाकी आहे, यांतले काहीच तेथे नसते. म्हणजे ही वही फक्त जमेच्या बाजूची आहे आणि तीही अपुरी.

कर्नाटकातील नोटिसा

अपुऱ्या वहीमुळे काय होते, याचे उदाहरण ताजे आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयने जमा झालेल्या रकमांवरून हजारो छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. एका भाजीविक्रेत्याच्या खात्यात चार वर्षांत १ कोटी ६३ लाख रुपये जमा झाले होते, त्याला २९ लाखांच्या कराची नोटीस गेली. वास्तविक ताज्या भाजीवर जीएसटी नाही. अनेक दुकानदारांचे म्हणणे होते की, त्या रकमेत घरगुती देवाणघेवाणीचे पैसेही मिसळलेले आहेत. बेंगळुरूमधील कित्येक दुकानदारांनी घाबरून क्यूआरचे कागद काढून टाकले. पुढे त्याच महिन्यात राज्य सरकारने जुनी बाकी वसूल केली जाणार नाही असे जाहीर केले, मात्र यापुढे नोंदणी करावी लागेल असेही सांगितले.

यावरून कागद काढून टाकावा असा धडा घेणे चूक आहे. जीएसटीची मर्यादा मोजताना रोख आणि मोबाइल असा भेद कायद्यात नाही, एकूण उलाढाल धरली जाते. रोखीने विकले म्हणून कायद्याचे बंधन सुटत नाही. आणि कमाई लपवून धंदा करणे हे आपल्या दीनच्या शिकवणुकीत बसणारे नाही. नोटीस आलेल्यांपैकी अनेकांची खरी अडचण दुसरीच होती. कोणती रक्कम धंद्याची आणि कोणती घरची, कोणता माल करमुक्त आणि कोणता करपात्र, हे दाखवायला त्यांच्याजवळ स्वतःची वहीच नव्हती.

मर्यादा नीट समजून घ्या

महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या वर गेली, तर जीएसटीची नोंदणी लागते. सेवा देणाऱ्यासाठी ही मर्यादा २० लाख आहे. येथे कारागीर बांधवांची गल्लत होते. भिवंडी-मालेगावचा जो यंत्रमागधारक दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देतो, जो शिंपी गिऱ्हाइकाचेच कापड शिवतो, जो दुरुस्तीची कामे घेतो, त्याचे काम कायद्याने सेवा ठरते. त्यामुळे ४० लाखांपर्यंत आपल्याला काही नाही, असे त्याने समजू नये. उलट जो केवळ करमुक्त वस्तू विकतो, त्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणीची सक्ती नाही. परराज्यात माल पाठवणाऱ्यांचे नियम आणखी वेगळे आहेत, त्यांनी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

आयकराच्या बाबतीत तर क्यूआरचा फायदाच आहे. २ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या धंदेवाल्याला अंदाजित नफ्याची सोय आहे. तीत रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, तर बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के. समजा, वर्षाची विक्री २० लाख आहे. सारी रोखीने झाली तर नफा १ लाख ६० हजार धरला जाईल, सारी खात्यात आली तर १ लाख २० हजार. प्रत्यक्षातला नफा याहून अधिक असेल, तर अर्थातच तो अधिकचाच दाखवायला हवा. दलाली-कमिशनच्या धंद्याला ही सोय लागू नाही.

उधारी मात्र आपणच लिहायची

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, ही देण्याघेण्याच्या लिखापढीविषयी आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. ठरावीक मुदतीचा उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा आळस करू नये, अशी तिची शिकवण आहे. हातोहात होणारा रोखीचा सौदा मात्र लिहिला नाही तरी हरकत नाही, अशी सवलतही तेथेच दिली आहे.

आता आपल्या दुकानातला प्रकार पाहा. जो सौदा हातोहात झाला, तो मोबाइल इमानेइतबारे लिहून ठेवतो. ज्या उधारीची लिखापढी करण्याची आपल्याला आज्ञा आहे, तिची मोबाइलला खबरही नसते. यंत्राने सोपे काम उचलले आणि महत्त्वाचे काम आपल्यावरच राहिले. अशा वेळी ‘सगळे मोबाइलमध्ये आहे’ म्हणून वही बंद करणे म्हणजे लिहायचे तेच सोडून देणे होय. भागीदारी मोडते, भाऊ-भाऊ वेगळे होतात, दुकानाचा मालक अचानक अल्लाहला प्यारा होतो, तेव्हा येणे किती आणि देणे किती, हे वारसांना कोठून कळणार?

जकातीचा हिशेबही याच वहीवर अवलंबून आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी हा निसाब आपल्याकडे धरला जातो. व्यापाऱ्याने चांद्रवर्षाच्या अखेरीस हातातली रोकड, खात्यातील शिल्लक, विक्रीसाठी ठेवलेला माल आणि वसूल होण्यासारखी उधारी एकत्र करून, त्यातून देणी वजा करून अडीच टक्के काढायचे असतात. खात्यातील शिल्लक मोबाइल दाखवील, पण माल आणि उधारी कोण दाखवणार? अंदाजाने काढलेली जकात कमी भरली, तर तो गरिबाचा हक्क मारला गेला. तपशिलाच्या बाबतीत आपल्या आलिमांना विचारावे.

‘कर्ज मंजूर झाले आहे’

दुकानाच्या खात्यात रोज पैसे जमा होऊ लागले की, काही महिन्यांत मोबाइलवर कर्जाचा निरोप येतो. कागदपत्रे नकोत, जामीन नको, बोट लावताच पैसे खात्यात. रोजच्या जमेतून छोटा हप्ता आपोआप कापला जातो, त्यामुळे बोजा जाणवत नाही. व्याज हराम आहे, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण त्याला कधी शुल्क, कधी सेवा असे नाव मिळाल्यामुळे अनेकजण फसतात, म्हणून हिशेब करून पाहू.

समजा, ५० हजारांचे कर्ज आहे. १ हजार शुल्क आधीच कापून ४९ हजार हाती आले. पुढे १८० दिवस रोज ३१० रुपये जाणार, म्हणजे एकूण ५५ हजार ८००. हाती आलेल्यापेक्षा ६ हजार ८०० जास्त गेले. ऐकायला हे तेरा-चौदा टक्के वाटतात. परंतु मुद्दल रोज फिटत असल्याने सहा महिन्यांत आपल्या हाती सरासरी निम्मीच रक्कम, म्हणजे सुमारे साडेचोवीस हजार राहिली. त्यावर सहा महिन्यांत ६ हजार ८०० म्हणजे वर्षाला सुमारे ५५ टक्के पडले. गावच्या सावकाराला नावे ठेवणारा माणूस खिशात दुसरा सावकार घेऊन फिरतो, असेच म्हणावे लागेल. भांडवल हवेच असेल, तर नफ्या-तोट्याची भागीदारी, नातेवाइकांचे कर्ज-ए-हसन किंवा वस्तीतील बिनव्याजी पतपेढी यांचा आधी विचार करावा.

काय करावे?

पहिली गोष्ट, धंद्याचे खाते वेगळे ठेवावे आणि क्यूआर त्याच खात्याचा असावा. भिशी, घरखर्च, मशिदीची वर्गणी त्यात घेऊ नये. बँकेचे चालू खाते घेतल्यास त्यावर व्याज जमा होत नाही, हा आपल्या दृष्टीने आणखी एक फायदा. मात्र किमान शिल्लक किती ठेवावी लागते, हे आधी विचारून घ्यावे.

दुसरी, रोज दुकान बंद करताना दहा मिनिटे रोजमेळ लिहावा. रोख विक्री, क्यूआरची विक्री, खरेदी, मजुरी, आज दिलेली उधारी आणि आज आलेली उधारी, एवढे सहा आकडे पुरेत. उधारीच्या पानावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी. खरेदीच्या पावत्या तारखेवार ठेवाव्यात. वही कागदाची असो वा मोबाइलमधली, पण लिहिणारे आपण असावे.

तिसरी, गिऱ्हाइकाने दाखवलेल्या पडद्यावर विसंबू नये. पैसे आल्याचा खोटा पडदा तयार करता येतो. आपल्या बँकेचा संदेश किंवा खात्यातील जमा हाच पुरावा. दुकानातील कागदावर कोणी दुसरा क्यूआर चिकटवला नाही ना, हे सकाळी पाहावे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन मागितला म्हणजे आपले पैसे जाणार. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता त्वरित १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

क्यूआरचा कागद ठेवावा की काढावा, यावर बाजारात वाद चालू राहतील. आमचे सांगणे एवढेच की, त्या कागदामागची वही बँकेच्या ताब्यात आहे, ती आपल्या सोयीने बदलणार नाही. तिच्याशी ताडून पाहायला आपली स्वतःची खरी वही जवळ असेल, तर कर खात्यापुढे, भागीदारापुढे आणि उद्या अल्लाहपुढेही हिशेब देणे सोपे जाईल.