फ्रान्समध्ये बरं वाटेनासं झालं तर काय म्हणाल?

मुलगा किंवा मुलगी फ्रान्समध्ये शिकायला, नोकरीला असेल आणि तुम्ही महिना-दोन महिने तिकडे राहणार असाल, तर औषधांच्या डबीबरोबर फ्रेंचमधली चार वाक्यंही घेऊन जा. जाण्याआधी तपासणीसाठी कळंब्यातल्या दवाखान्यात येणाऱ्यांना मी हेच सांगतो.

आपलं हुकमी वाक्य म्हणजे "कसंतरी होतंय". फ्रेंचमध्ये त्याच्या जवळचं वाक्य "झ न म साँ पा ब्यँ", म्हणजे बरं वाटत नाही. पण एवढ्यावर डॉक्टरला फारसं काही कळत नाही, तिथेही आणि इथेही! दुखण्याची जागा सांगायला "झे माल" म्हणून पुढे अवयव जोडायचा. "झे माल आ ला तेत" म्हणजे डोकं दुखतंय, "झे माल ओ व्हाँत्र" म्हणजे पोट दुखतंय.

खरी गफलत छातीच्या बाबतीत होते. हृदयाला फ्रेंचमध्ये "कर्" म्हणतात. म्हणून तुम्ही "झे माल ओ कर्" म्हणालात, तर समोरचा समजेल की तुम्हाला मळमळतंय. छातीत दुखत असेल तर "झे माल आ ला प्वात्रीन" म्हणा आणि हात छातीवर ठेवून दाखवा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर "झे द्यू माल आ रेस्पिरे". मधुमेह असलेल्यांना हार्ट अटॅकमध्ये कधी कधी छातीत न दुखता नुसती मळमळ, घाम आणि धाप एवढंच होतं. अशा वेळी "पित्त झालं असेल" म्हणून पडून राहू नका. "झ स्वी द्याबेतीक", म्हणजे मला मधुमेह आहे, हे आवर्जून सांगा. तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी फ्रान्समध्ये १५ किंवा ११२ हा नंबर लावतात.

काही शब्दप्रयोग मात्र अगदी घरचे वाटतील. पायाला मुंग्या आल्या तर फ्रेंच माणूसही मुंग्याच म्हणतो: "झे दे फुर्मी दाँ ले झाँब". भीतीने पोटात गोळा येतो तो त्यांच्याही पोटातच, "ला बूल ओ व्हाँत्र". आणि कोणी "क्रीज द फ्वा" म्हणालं तर घाबरू नका. शब्दशः तो यकृताचा झटका, पण बोलण्यात अर्थ भरपेट जेवणानंतरचं अपचन. तांबड्या रश्श्यावर ताव मारल्यावर आपण "पित्त खवळलं" म्हणतो, तसंच ते.

आकड्यांचंही लक्षात ठेवा. तिथले डॉक्टर बीपी १४०/९० असेल तर "१४/९" सांगतात. ताप सेल्सिअसमध्ये मोजतात, त्यामुळे ३९ म्हणजे आपला १०२ च्या थोडा वर. साखरही लिटरमागे ग्रॅममध्ये सांगतात. १.२६ ऐकलंत तर ती आपली १२६.

तुमच्या गोळ्यांचं ब्रँडचं नाव तिथल्या औषध दुकानात बहुधा कळणार नाही. निघण्याआधी डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव आणि डोस इंग्रजीत लिहून घ्या. अँटिबायोटिक तिथे सहसा चिठ्ठीशिवाय मिळत नाही.