पत्ता एक, राजवटी अनेक

जन्माच्या दाखल्यावर लेम्बर्ग, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ल्वूफ, नोकरीच्या हुकुमावर ल्वोव आणि निवृत्तिवेतनाच्या कागदावर ल्विव. एखाद्या दीर्घायुषी माणसाच्या कपाटात अशी चार नावे आढळली, तर त्याने चार गावे पालथी घातली असा समज होईल. प्रत्यक्षात तो जन्मभर एकाच घरात राहिलेला असू शकतो. बदलली ती राजवट.

पश्चिम युक्रेनमधील हे शहर १७७२ मध्ये ऑस्ट्रियाकडे गेले. पहिल्या महायुद्धानंतर तेथे पोलंडची सत्ता आली. १९३९ मध्ये सोव्हिएत, १९४१ मध्ये जर्मन, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत आणि १९९१ पासून स्वतंत्र युक्रेन, असा हा क्रम आहे. नव्या सत्तेबरोबर रस्त्यांच्या पाट्या बदलत आणि पुष्कळदा भाषा व लिपीही बदले.

एक रस्ता, अनेक नावे

आजचा स्वोबोडी, म्हणजे स्वातंत्र्य मार्ग हा शहराचा मध्यवर्ती रस्ता. पूर्वी तेथून पोल्त्वा नदी वाहत असे. एकोणिसाव्या शतकात नदी झाकली गेली. पण तिच्या दोन्ही काठांवरील रस्त्यांची नावे निराळीच राहिली. ऑस्ट्रियन काळात एका बाजूस आर्चड्यूक कार्ल लुडविगचे नाव होते, तर दुसऱ्या बाजूस हेटमान्स्का. पोलिश काळात कार्ल लुडविग जाऊन 'लीजन' आले, जर्मन अमदानीत हिटलर, तर १९५९ पासून लेनिन. १९९० मध्ये 'स्वातंत्र्य' आले. येथे आणखी एक चकवा आहे. सोव्हिएत काळातील 'लेनिन मार्ग' म्हणजे हा रस्ता. परंतु 'लेनिन रस्ता' म्हणजे आजचा लिचाकिव्स्का. एका शब्दाच्या गफलतीने शोधणारा भलत्याच मोहल्ल्यात पोहोचतो.

पाऊण नव्हे, तिसरा!

रस्त्याचे नाव जुळले, तरी घराचा क्रमांक उरतोच. ऑस्ट्रियन अमलात प्रथम रस्त्यानुसार नव्हे, तर विभागानुसार क्रमांक दिले गेले. त्यामुळे शेजारच्या दोन घरांचे क्रमांक एकमेकांपासून शेकड्यांनी दूर असू शकत. जुन्या नोंदीत घराच्या क्रमांकापुढे ३/४ दिसले, तर ते 'पाऊण' नव्हे. चार उपनगरी विभागांपैकी तिसरा, असा त्याचा अर्थ होतो. १८७१ च्या सुमारास रस्तानिहाय क्रमांक आले. संक्रमणकाळातील छापील सूचींत जुने व नवे क्रमांक शेजारी दिलेले असल्याने त्या शोधकाला किल्लीसारख्या उपयोगी पडतात. पुढचा आधार भूमापन नकाशांचा. नाव आणि क्रमांक बदलले, तरी भूखंडाची जागा ढळत नाही. ल्विवमधील नागरी इतिहास केंद्राने रस्त्यांची जुनी-नवी नावे संगणकावर उपलब्ध केल्याने हे काम आता बरेच सुकर झाले आहे.

विचारावे कोणाला?

एवढा खटाटोप का, असा प्रश्न पडेल. साधारणतः पत्ता विसरला, तर जुन्या शेजाऱ्याला विचारता येते. ल्विवमध्ये शेजारीही उरले नाहीत. महायुद्धापूर्वी शहराच्या लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश ज्यू होते. जर्मन अमदानीत त्यांतील बहुतेकांची हत्या झाली. १९४४ नंतर पोलिश रहिवाशांना मोठ्या संख्येने पोलंडला जावे लागले. घरे उभी राहिली. त्यांत कोण राहत होते हे सांगणारे गेले. त्यामुळे नातवंडांच्या हाती उरतो तो केवळ कागद. ब्रिटिश कायदेतज्ज्ञ फिलिप सँड्स २०१० मध्ये व्याख्यानासाठी ल्विवला गेले आणि १९०४ मध्ये तेथे जन्मलेल्या आपल्या आजोबांचे घर त्यांनी अशाच कागदांच्या आधारे शोधले. तोवर मौनात राहिलेला कुटुंबाचा इतिहास त्यातून उलगडत गेला.

पाट्या अजूनही बदलत आहेत. २०२२ च्या रशियन आक्रमणानंतर रशियाशी निगडित अनेक नावे शहराने काढून टाकली. उद्याच्या शोधकासाठी कोड्यात आणखी एका ओळीची भर पडली.

आपल्या कपाटातील कागद

आपल्याकडेही मुंबईचे एल्फिन्स्टन सर्कल हॉर्निमन सर्कल झाले आणि चर्चगेट स्ट्रीटचा वीर नरिमन रोड झाला. आजोबांचे भागपत्र, विमापत्र किंवा भाडेकरार यांवर जुनेच नाव असते. वारसांना ते घर सहज ओळखता यावे, यासाठी उपाय सोपा आहे. पत्त्याबरोबर वर्ष लिहून ठेवावे, जुनी करपावती टाकून देऊ नये आणि नगर भूमापन क्रमांक टिपून ठेवावा. पाटी बदलणे आपल्या हाती नसते. एवढी नोंद मात्र नक्कीच असते.