बालकांच्या चित्रपुस्तकांतील नाइट आणि ड्रॅगन

लहान मुलांस भयाची गोष्ट सांगावी कीं सांगूं नये, हा वाद फार जुना आहे. कोवळ्या मनावर भीतीचा ठसा उमटूं देऊं नये, असें एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, भीति मुलाच्या मनांत आधींपासूनच असते. गोष्ट तिला केवळ रूप देते आणि तिच्यावर मात करतां येते, हें दाखविते. या वादाचा विचार करूं इच्छिणाऱ्या श्रोत्यांस युरोपांतील नाइट आणि ड्रॅगन यांच्या कथा फार उपयोगी पडतील. नाइट म्हणजे ब्रीद घेतलेला चिलखती घोडेस्वार आणि ड्रॅगन म्हणजे पंख असलेला, मुखावाटे अग्नि ओकणारा महासर्प. या दोघांचें युद्ध मध्ययुगांतील मोठ्या माणसांकरितां रचलें गेलें. आज मात्र तें मुख्यतः मुलांच्या चित्रपुस्तकांत नांदत आहे.

या कथांत सर्वांत प्रसिद्ध कथा सेंट जॉर्जची. तेराव्या शतकांत याकोबुस द वोराजिने या इटालियन धर्मोपदेशकानें संतचरित्रांचा जो संग्रह केला, त्याच्या द्वारें ती युरोपभर पसरली. लिबियांतील सिलीन नगराजवळच्या तळ्यांत एक ड्रॅगन राहत असे. त्यास रोज दोन मेंढ्या द्याव्या लागत. मेंढ्या सरत आल्या तेव्हां चिठ्ठ्या टाकून माणसें देण्याची पाळी आली आणि एके दिवशीं चिठ्ठी राजकन्येच्याच नांवाची निघाली. इतक्यांत जॉर्ज तेथें आला. त्यानें भाल्यानें ड्रॅगनास घायाळ केलें व राजकन्येच्या कमरपट्ट्यानें बांधवून नगरांत आणविलें. लोकांनीं बाप्तिस्मा स्वीकारल्यावर मगच त्यानें त्यास ठार केलें. कथेचा हेतु धर्मप्रसाराचा होता, हें उघड आहे.

पुढें एडमंड स्पेन्सर या इंग्रज कवीनें आपल्या ‘फेअरी क्वीन’ या महाकाव्याच्या पहिल्या खंडांत या कथेस निराळें वळण दिलें. हा भाग १५९० सालीं प्रसिद्ध झाला. तेथें तांबड्या क्रुसाची ढाल धारण करणारा एक तरुण नाइट ऊना नांवाच्या राजकन्येबरोबर तिच्या आईबापांस ड्रॅगनाच्या वेढ्यांतून सोडविण्यास निघतो. वाटेंत तो फसतो, ऊनेवर संशय घेतो, राक्षसाच्या बंदींत पडतो. एकदां तर निराशेच्या गुहेंत स्वतःचा घात करण्यासाठीं हातांत सुरी घेतो व ऊनाच त्यास वांचविते. स्पेन्सरचा ड्रॅगन बाहेर आहे, तसा आंतही आहे.

हें काव्य मुलांच्या हातीं देणें शक्य नव्हतें. मार्गारेट हॉजेस या अमेरिकन लेखिकेनें त्यांतून एक लहान गद्यकथा काढली आणि ट्रीना शार्ट हायमन हिनें तिचीं चित्रें काढलीं. ‘सेंट जॉर्ज अँड द ड्रॅगन’ हें पुस्तक १९८४ सालीं निघालें व चित्रांबद्दल हायमनला १९८५ चें कॅल्डेकॉट पदक मिळालें. पानापानाच्या कडेस जुन्या हस्तलिखितांची आठवण करून देणाऱ्या चौकटी असून त्यांत इंग्लंडांतील रानफुलें व चिमुकल्या पऱ्या आहेत. मूल जणू खिडकींतून दूरच्या काळांत डोकावतें.

लेखिकेनें पुष्कळ गाळलें. रूपकाचें ओझें गेलें, धर्मपंथांचा वाद गेला, निराशेची गुहाही गेली. या शेवटच्या गोष्टीची हानि थोडी नाहीं; कारण नाइटाचें मन कसें ढळलें, हें बालवाचकास कळतच नाहीं. परंतु जें राखलें, तें योग्य तेंच राखलें. युद्ध तीन दिवस चालतें. पहिल्या दिवशीं ड्रॅगनाच्या ज्वाळांनीं होरपळून नाइट पडतो. पडतो तो एका जुन्या झऱ्याच्या पाण्यांत, आणि सकाळीं ताजातवाना होऊन उठतो. दुसऱ्या दिवशीं पुन्हां पडतो. या वेळीं एका सफरचंदाच्या झाडाखालीं, ज्याचा रस जखमा भरून काढतो. तिसऱ्या दिवशीं ड्रॅगन जबडा पसरून धांवून येतो आणि त्याच उघड्या मुखांत नाइटाचें शस्त्र शिरतें. एका घावांत शत्रु लोळविणारा वीर मुलास क्षणभर रिझवील; दोनदां पडून तिसऱ्यांदा उभा राहणारा वीर मात्र त्याच्या नित्य उपयोगाचा आहे. चालावयास शिकणाऱ्या मुलास याहून ओळखीची दुसरी गोष्ट कोणती?

सर्वच लेखकांनीं हा मार्ग धरला नाहीं. केनेथ ग्रॅहम यानें १८९८ सालीं काव्यप्रेमी, आळशी असा ड्रॅगन रंगविला. त्याचें व सेंट जॉर्जचें युद्ध लुटुपुटीचें असतें. रॉबर्ट मन्श याच्या १९८० च्या ‘द पेपर बॅग प्रिन्सेस’ या पुस्तकांत राजकन्याच ड्रॅगनाची स्तुति करकरून त्याला दमवून झोपविते. हीं पुस्तकें मुलांस मनापासून हंसवितात. मात्र जुन्या नियमाचा भंग होतो आहे, ही त्यांतील गंमत जुनी कथा ठाऊक असलेल्या मुलासच पुरती कळते.

चित्रपुस्तकांतील भयास आणखी एक मर्यादा असते. पान उलटणें मुलाच्या हातीं असतें. ड्रॅगनाच्या चित्रापाशीं तें हवा तितका वेळ थांबतें, नको वाटल्यास पुढें जातें. शिवाय वाचणाऱ्या आईचा आवाज जवळच असतो. अशा रीतीनें भेटलेलें भय मुलाच्या सोसण्यापलीकडे सहसा जात नाहीं.

स्पेन्सरनें शेवटीं एक लहानसा प्रसंग घातला आहे. ड्रॅगन मरून पडल्यावर नगरांतील लोक त्यास पाहावयास जमतात. एक धीट मूल त्याच्या नख्यांशीं खेळूं लागतें. त्याची आई भीतीनें अर्धमेली होते आणि त्यास रागें भरते. या नख्या अजूनही बोचकारणार नाहींत कशावरून, असें तिला वाटतें. आरंभीं सांगितलेल्या वादाचे दोन्ही पक्ष त्या एका चित्रांत समोरासमोर उभे आहेत. आईची काळजी खोटी नाहीं. पण ड्रॅगन मेला आहे, हें मुलास तिच्या आधीं कळलें आहे.