चेंडू गेला कोठें?

आमचें सालवड बोईसरच्या अगदीं लगत. कारखान्यांच्या पाळ्या आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या यांच्या वेळांवर येथल्या घरांचें घड्याळ चालतें. रविवारची सकाळ तेवढी संथ. १७ जानेवारी २०२१ चा रविवार मात्र ब्रिस्बेनच्या कसोटी सामन्यामुळें पहांटेंच सुरू झाला. पडद्यासमोर आम्ही सर्व जण, आणि आमच्या मध्यें थोरले मामा. काचबिंदूनें त्यांची दृष्टि जाऊन बरींच वर्षें लोटलीं. क्रिकेटचा नाद मात्र तसाच आहे.

भारताचे सहा गडी १८६ धावांत बाद झाले होते आणि आमच्या पालघरचा शार्दूल ठाकूर नुकताच खेळावयास आला होता. त्या डावांतील आपलें धावांचें खातें त्यानें उघडलें तें कमिन्सला षट्कार मारून! घरांत एकच गलका झाला. तिकडे समालोचकांच्या मुखांतून अद्भुत, अप्रतिम, अविश्वसनीय अशा अर्थाच्या विशेषणांची सर कोसळली. ती ओसरल्यावर मामांनीं शांतपणें विचारलें, "अरे, पण चेंडू गेला कोठें?"

आमचे चिरंजीव म्हणाले, "मामाआजोबा, कमिन्सनें आखूड टाकला. शार्दूलनें हूक मारला. लेगच्या बाजूला, थेट प्रेक्षकांत!"

"बस्स! एवढेंच तर हवें होतें," मामा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर तो षट्कार आम्हांस तेव्हां कोठें दिसला.

त्या दिवसापासून समालोचकांचे जे शब्द कानांस टोंचतात ते टिपून ठेवण्यासाठीं आम्हीं एक वही घातली आहे. तिचे चार भाग आपोआप पडले.

पहिला भाग कांहींच न सांगणाऱ्या वाक्यांचा. "क्रिकेट हा अनिश्चिततेचा खेळ आहे", "येणारीं दोन-तीन षटकें महत्त्वाचीं आहेत", "दोन्ही संघांना विजयाची समान संधि आहे." हीं वाक्यें कोणत्याहि सामन्यांत, कोणत्याहि क्षणीं बोलतां येतात व कधींहि खोटीं ठरत नाहींत. जें कधींच खोटें ठरत नाहीं, त्यानें ऐकणाऱ्यास नवें काय कळणार?

दुसरा भाग मारामारीचा. गोलंदाजीच्या चिंध्या, संघाची कत्तल, बंदुकीच्या गोळीसारखा सुटलेला चेंडू! रवि शास्त्री यांचें 'ट्रेसर बुलेट' तर इतकें गाजलें कीं तें ऐकून लोक आतां हंसूं लागले आहेत. अर्थात् येथें आमची बाजू थोडी लंगडी आहे. 'गोलंदाज' हा शब्द मूळचा तोफखान्यांतलाच. तोफ डागणारा तो गोलंदाज. आणि 'पायचीत', 'धावचीत' यांतील 'चीत' कुस्तीच्या आखाड्यांतून आलें आहे. परंतु हे शब्द आपल्या भूमींत रुजले व नेमकें काय घडलें तें सांगूं लागले. फलंदाज पायचीत झाला म्हटलें कीं सारा प्रसंग डोळ्यांपुढें उभा राहतो. चिंध्या झाल्या म्हटल्यानें कांहींच उभें राहत नाहीं. शिवाय 'फलंदाज' हा शब्द स्त्रीपुरुष दोघांसहि चालतो. इंग्रजींत ती सोय व्हावी म्हणून मेरिलिबोन क्रिकेट क्लबला २०२१ सालीं आपल्या नियमांतील 'बॅट्समन' बदलून 'बॅटर' करावें लागलें. आमच्या स्मृति मानधनेस मराठींत कांहींच बदलावें लागलें नाहीं. आमचे शब्द निर्दोष आहेत असें मात्र नव्हे. ऑस्ट्रेलियांत १९७८-७९ च्या हंगामापर्यंत ओव्हर आठ चेंडूंची असे, आणि आपण तिलाहि बिनदिक्कत 'षटक' म्हणत होतों!

तिसरा भाग विकलेल्या शब्दांचा. आयपीएलच्या पहिल्या कांहीं वर्षांत षट्कारास षट्कार न म्हणतां 'डीएलएफ मॅक्सिमम' म्हणत असत. फटका खेळाडूचा, टाळ्या प्रेक्षकांच्या, आणि नांव घरें बांधणाऱ्या कंपनीचें! लग्नाच्या पंगतींत यजमानानें प्रत्येक जिलबीबरोबर हलवायाचें नांव घेतलें तर कसें वाटेल?

चौथा भाग सर्वांत लहान, पण आम्हांस तोच अधिक लागतो. कारण त्यांतले शब्द माणसांस चिकटतात. २०१९ च्या विश्वचषकाच्या वेळीं संजय मांजरेकर यांनीं रवींद्र जाडेजास 'बिट्स अँड पीसेस' खेळाडू, म्हणजे थोडें हें थोडें तें करणारा, म्हटलें. जाडेजानें जाहीर उत्तर दिलें, आणि उपांत्य सामन्यांत ५९ चेंडूंत ७७ धावा काढल्या. आमच्या शार्दूलला चिकटलेला शब्द 'लॉर्ड'. तो जन्मला थट्टेंतून. पुढें कौतुकानें समालोचकांच्याहि तोंडीं बसला. त्याच्या जोडीस 'सोन्याचा हात', 'नशिबाची साथ' हेहि येतात. वाईट हेतु कोणाचाच नाहीं. पण शब्दांचा परिणाम पाहा. बोईसरच्या शाळेंतून खेळणाऱ्या या मुलास दिनेश लाड यांनीं बोरिवलीच्या शाळेंत नेलें आणि स्वतःच्या घरीं ठेवून घेतलें. डहाणूपर्यंत लोकल गाड्या सुरू झाल्या त्या २०१३ सालीं. त्यापूर्वीं पालघरहून सुमारें ९० किलोमीटरवरच्या चर्चगेटला किट घेऊन पोंचावयाचें म्हणजे काय, हें या मार्गावरच्या प्रवाशांस सांगावयास नको. त्या ब्रिस्बेनच्या डावांत त्यानें ६७ धावा केल्या, वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भर घातली. जानेवारी २०२२ मध्यें जोहान्सबर्गला ६१ धावांत सात बळी घेतले. याला 'नशीब' म्हटलें कीं पहांटेची ती गाडी पुसली जाते. आज फलाटावर किट घेऊन उभ्या असलेल्या पोरांनीं यांतून काय शिकावें? घाम गाळावा, कीं नशिबाची वाट पाहावी?

समालोचकांचें काम सोपें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तासन् तास बोलावयाचें म्हणजे जीभ घसरावयाचीच. "दोन शब्द बोलतों" म्हणून तासभर बोलणारे अध्यक्ष आपणहि सोशीत आलों आहों. परंतु १९३४ पासून मुंबईच्या मैदानावरून एकट्यानें दिवसभर बोलणारे तल्यारखान यांच्यापुढें चित्राचा आधार नव्हता, आणि आकाशवाणीवर मराठी समालोचन घरोघर पोंचविणारे बाळ ज. पंडित यांच्यापुढेंहि नव्हता. चेंडू कोठें पडला, कोणी अडविला, किती धावा झाल्या, हें त्यांस सांगावेंच लागे. चित्र आलें आणि तें सांगण्याची संवय सुटली. मोकळी जागा विशेषणांनीं भरून काढली. रिची बेनॉ यांचा मार्ग निराळा होता: चित्रांत भर घालतां येत असेल तरच बोलावें. आतां मराठी समालोचन पुन्हा घरांत आलें आहे. २०२३ मध्यें केदार जाधव तें करीत असतांना बेंगळुरूच्या संघानें त्यांस खेळावयास बोलाविलें. म्हणजे खेळ जाणणारीं माणसें या कामांत आहेत. म्हणूनच आमची अपेक्षा.

'समालोचन' या शब्दाच्या पोटांत 'लोचन' आहे. समालोचन म्हणजे नीट पाहणें. आणि ज्यास पाहतां येत नाहीं त्यास आपले डोळे उसने देणें, हा त्याचा धर्म.

आमच्या घरीं सध्यां पडद्याचा आवाज बंद असतो आणि समालोचन चिरंजीव करतात. परवां भरांत येऊन ते ओरडले, "मामाआजोबा, अप्रतिम फटका!"

मामा म्हणाले, "तें आमचें आम्ही ठरवूं. तूं आधीं चेंडू दाखव."