कांद्यावरचा फुलकिडा आणि खाडीतले समुद्री गवत

चांदवडच्या कांद्यावरचा थ्रिप्स टॅबॅसी हा फुलकिडा आणि कोकण-गोव्याच्या खाड्यांतले हॅलोफिला बेक्कारी हे समुद्री गवत यांचा एकमेकांशी कधी संबंध येत नाही. वंश वाढवण्याची एक रीत मात्र दोघांतही आहे.

ओळख

फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटरचा, पिवळसर-तपकिरी. तो पातीच्या बेचक्यात दडतो, पात खरवडून रस शोषतो. पातीवर चंदेरी चट्टे पडतात. समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळे, खोड, फुले व बिया असतात. कांद्याप्रमाणे तेही एकदल वनस्पतींतले आहे. हॅलोफिला बेक्कारीची पाने इवलीशी असून ते भरती-ओहोटीच्या चिखलात वाढते.

जोडीदाराविना वाढ

या फुलकिड्यात बऱ्याच ठिकाणी नर क्वचितच आढळतात. मादीच्या अफलित अंड्यांतूनच पुढच्या माद्या जन्मतात. समुद्री गवताला बिया येतात, पण चिखलात आडवे पसरणाऱ्या खोडातूनही नवे कोंब फुटतात. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे येथे पोसिडोनिया या दुसऱ्या समुद्री गवताचे एकच रोप सुमारे 180 किलोमीटर पसरल्याचे 2022 मध्ये जाहीर झाले.

फरक कुठे पडतो?

उष्ण, कोरड्या हवेत फुलकिड्याची पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. एखादी मादी कीटकनाशकाला दाद देत नसेल, तर तिच्या लेकींतही तो गुण उतरतो. म्हणून तेच औषध पुन्हा पुन्हा फवारले की त्याचा असर उतरतो. हा कीटक पिवळे ठिपके पाडणारा आयरिस यलो स्पॉट विषाणूही पसरवतो.

समुद्री गवताला मात्र उथळ, स्वच्छ खारे पाणी आणि न हलणारा चिखल लागतो. भराव, गाळउपसा किंवा गढूळपणा आला की त्याची जागाच जाते. हॅलोफिला बेक्कारी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत 'असुरक्षित' गटात आहे. ही गवते गाळ धरून ठेवतात, कार्बन साठवतात आणि माशांच्या पिलांना आसरा देतात.

काय करावे?

कांद्याभोवती मक्याच्या ओळी लावाव्यात, निळे चिकट सापळे टांगावेत, तुषार सिंचन करावे आणि औषधांचे गट आलटून पालटून वापरावेत. समुद्री गवतासाठी खाडीत भराव व गाळउपशाचे काम काढण्यापूर्वी तिथले गवत तपासावे. वाढीची रीत सारखी असली, तरी एकाला आवरायचे आहे आणि दुसऱ्याला जपायचे आहे.