उमेदवार पक्षाचा, पण नेत्याला नकोसा!

उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून खुद्द पंतप्रधानांची सही. पाठीशी देशातला सगळ्यात मोठा पक्ष. अशा उमेदवारानं निकालाआधीच पेढे सांगून ठेवले, तरी कुणी नावं ठेवणार नाही. पण नीलम संजीव रेड्डी १९६९ सालची राष्ट्रपतिपदाची निवडणूक हरले. त्यांना पाडलं ते त्यांच्याच पक्षातल्या मतांनी!

पक्षानं दिलेला उमेदवार आणि पक्षाचा नेता यांचं पटेनासं झालं की काय होतं, याचा एवढा मोठा नमुना भारतीय राजकारणात दुसरा सापडणं कठीण.

बंगळूरची बैठक

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचं निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. पुढचा राष्ट्रपती कोण, हे ठरवायला काँग्रेसचं संसदीय मंडळ जुलैमध्ये बंगळूरला जमलं.

पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा, कामराज, स. का. पाटील या बुजुर्गांच्या गटाला वर्तमानपत्रांनी ‘सिंडिकेट’ असं नाव दिलं होतं. त्यांची पसंती होती लोकसभेचे सभापती संजीव रेड्डी यांना. पंतप्रधान इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचं नाव पुढे केलं. मतं घेतली गेली आणि चार विरुद्ध दोन असा कौल रेड्डींच्या बाजूनं लागला. गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांचं मतही रेड्डींनाच पडलं. बाईंच्या दृष्टीनं हा घाव वर्मी होता.

तसे रेड्डी काही उपरे नव्हते. आंध्रचे मुख्यमंत्री, काँग्रेसचे अध्यक्ष, इंदिराजींच्याच पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री. अडचण होती ती त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांची. उद्या राष्ट्रपती भवनात सिंडिकेटचा माणूस बसला, तर तो आपल्याच खुर्चीखाली सुरुंग लावायला वापरला जाईल, अशी शंका इंदिरा गोटात होती.

चार दिवसांत पलटवार

बंगळूरहून परतताच चक्रं फिरली. १६ जुलैला मोरारजी देसाईंकडून अर्थखातं काढून घेण्यात आलं. त्यांनी उपपंतप्रधानपदही सोडलं. १९ जुलैला १४ मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही हंगामी राष्ट्रपती गिरींची. दुसऱ्याच दिवशी गिरींनी राजीनामा दिला आणि अपक्ष उमेदवार म्हणून ते मैदानात उतरले.

आता पेच पडला. अर्जावर सही केलेली, म्हणजे रेड्डींचा प्रचार करायला हवा. पण मन गिरींकडे! पक्षाच्या खासदार-आमदारांनी रेड्डींनाच मत द्यावं, असा आदेश पंतप्रधानांनी काढावा म्हणून निजलिंगप्पा मागे लागले. बाई काही बधल्या नाहीत.

त्यात निजलिंगप्पांनी स्वतःच आयतं कोलीत हाती दिलं. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी चिंतामणराव देशमुख यांना उभं केलं होतं. मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ साली केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे हेच ते सी. डी. देशमुख. या दोन पक्षांची दुसऱ्या पसंतीची मतं रेड्डींना मिळावीत, म्हणून निजलिंगप्पांनी त्यांच्या नेत्यांच्या गाठी घेतल्या. झालं! काँग्रेसच्या उमेदवारासाठी उजव्यांशी हातमिळवणी कशाला, असा ओरडा इंदिरा गटानं सुरू केला. जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी पक्षाध्यक्षांकडे मतदानाच्या स्वातंत्र्याची मागणी केली. मतदान तोंडावर आलं, तेव्हा इंदिराजींनीही सदस्यांना आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचं आवाहन केलं. ‘अंतरात्म्याचा आवाज’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून राजकारणात रूढ झाला. या आवाजाचा रोख कुणाकडे आहे, हे सांगण्याची गरज कुणालाच नव्हती.

काठावरचा निकाल

राष्ट्रपतिपदासाठी आमदार-खासदार गुप्त मतदान करतात आणि त्यांच्या मतांना ठरावीक मूल्य असतं. मतदार उमेदवारांना पसंतीचे क्रमांक देतो. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मूल्य मिळालं नाही, तर मागे पडलेल्यांची पुढच्या पसंतीची मतं मोजतात.

१६ ऑगस्टला मतदान झालं, २० ऑगस्टला मोजणी. पहिल्या फेरीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ अशी मतमूल्यं मिळाली. विजयाला हवी होती ४,१८,१६९. पुढच्या पसंतीची मोजणी सुरू झाली आणि रेड्डी झपाट्यानं वर सरकले. निजलिंगप्पांच्या गाठीभेटी अगदीच वाया गेल्या नव्हत्या! पण अंतर पुरतं तुटलं नाही. अखेरचे आकडे होते गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. अवघ्या १४,६५० मतमूल्यांनी रेड्डी हरले.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. १२ नोव्हेंबर १९६९ रोजी निजलिंगप्पांच्या काँग्रेसनं पंतप्रधानांनाच पक्षातून काढलं आणि पक्षाची दोन शकलं झाली. बंगळूरला विरोधात मत देणारे यशवंतराव या फुटीत इंदिराजींसोबत राहिले.

नियतीचा फेरा

दोन गटांच्या या भांडणात फरफट झाली ती उमेदवाराची. निवडणुकीसाठी रेड्डींनी सभापतिपद सोडलं होतं, ते गेलंच. १९७१ साली लोकसभेलाही ते पडले आणि अनंतपूरला जाऊन शेतीत रमले. संजीव रेड्डी हे नाव आता इतिहासजमा झालं, असंच वाटत होतं.

पण १९७७ च्या जनता लाटेत ते नंद्यालहून निवडून आले. आंध्रच्या ४२ जागांपैकी ४१ काँग्रेसकडे गेल्या, उरलेली एक रेड्डींची! पुन्हा सभापतिपद आणि चारच महिन्यांत राष्ट्रपतिपद. या वेळी ३७ अर्जांपैकी ३६ बाद झाले आणि रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले. आठ वर्षांपूर्वी जिथं जाता आलं नाही, त्या भवनाचं दार मतदानाशिवाय उघडलं.

आणि १४ जानेवारी १९८० रोजी दिल्लीत एक शपथविधी झाला. प्रचंड बहुमतानं परतलेल्या इंदिरा गांधी पंतप्रधानपदाची शपथ घ्यायला उभ्या राहिल्या. समोर शपथ देणारे राष्ट्रपती होते नीलम संजीव रेड्डी. ज्यांच्या अर्जावर सही करून बाईंनी साथ सोडली होती, तेच!