काडेपेटीच्या कडेचा फॉस्फरस

एकच मूलद्रव्य निरनिराळ्या रूपांत आढळते, याला अपरूपता म्हणतात. तिचा विषय निघाला की आपण हिरा आणि ग्रॅफाइट सांगून मोकळे होतो. दोन्ही कार्बनच, एक बोटात मिरवतो, दुसरे पेन्सिलीत झिजते. उदाहरण चोख आहे, पण त्यात कोणाचा जीव गुंतलेला नाही. म्हणून मला फॉस्फरस (आपल्या शेतकऱ्यांचा स्फुरद) अधिक महत्त्वाचा वाटतो.

१६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने मूत्र आटवून मिळवला तो पांढरा फॉस्फरस. त्याच्या रेणूत चार अणू चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर असतात. बंधांमधले कोन अवघे ६० अंशांचे, त्यामुळे रचना कायम ताणलेली. दमट हवेत ३० अंश सेल्सियसच्या आसपासच तो पेट घेतो. म्हणून पाण्याखाली ठेवावा लागतो. शिवाय जहाल विषारी. हाच पदार्थ हवा लागू न देता सुमारे २५० अंशांवर तापवत ठेवला, की त्या चौकड्या फुटून अणूंच्या साखळ्या जुळतात आणि तांबडा फॉस्फरस तयार होतो. अणू तेच, वजनही तेवढेच. पण हा हवेत निवांत पडून राहतो आणि त्या मानाने निरुपद्रवी असतो. व्हिएन्नाच्या आन्टोन श्रोटरने १८४० च्या दशकात हे दाखवले. पुढच्याच दशकात स्वीडनच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला लावून सुरक्षित काडेपेटी बाजारात आणली.

तरी कित्येक कारखाने पांढराच वापरत राहिले. तो स्वस्त पडे आणि त्याची काडी कुठेही घासली तरी पेटे. त्याच्या वाफेने कामगारांच्या जबड्याचे हाड सडे. १८८८ मध्ये लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या सुमारे १४०० मुली-बायका संपावर गेल्या. त्यांची कैफियत छापली ती ॲनी बेझंट यांनी. पुढे आपल्याकडच्या होमरूल चळवळीतल्या त्याच. संपात मजुरीचा आणि दंडाचा प्रश्नही तेवढाच तीव्र होता. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालणारा बर्नचा करार १९०६ चा, हिंदुस्थानातला कायदा १९१३ चा. म्हणजे पर्याय ठाऊक होऊन साठेक वर्षे उलटली होती. अडले होते ते रसायनशास्त्रापाशी नव्हे, हिशेबाच्या वहीपाशी.

आजच्या काडेपेटीतूनही पांढरा पुरता गेलेला नाही. पणतीसाठी काडी ओढली की घर्षणाच्या उष्णतेने कडेच्या तांबड्यातला कणभर भाग क्षणापुरता पांढरा होतो, हवेत पेट घेतो, आणि काडीच्या गुलातले पोटॅशियम क्लोरेट त्या ज्वाळेला ऑक्सिजन पुरवते.